पश्चिमेकडे तोंड असलेल्या छोट्या गॅलरीला कोणता रंग द्यावा आणि ती कशी सजवावी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चेंबूरला वन बीएचके, हॉलला लागून १० बाय ४ फुटांची पश्चिमेकडची गॅलरी, हॉल अंधारा. गॅलरीच्या मागच्या भिंतीला गडद निळा रंग, खाली कृत्रिम गवत, वर लटकत्या कुंड्या असा बेत आहे. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की भिंतीला खालून जराशी ओल येते, पण रंगारी म्हणतो वॉटरप्रूफ रंग लावला की झाकली जाईल.

विचारलाय रंग, पण मी या शेवटच्या वाक्यावरच अडलो. ओल झाकली जात नाही. गॅलरीच्या बाजूने बाहेर पडायची वाट बंद केली की ती भिंतीतून उलट हॉलमध्ये निघते, आणि पुढच्या पावसाळ्यात सोफ्यामागे पोपडे धरतात. माहीममधल्या एका गॅलरीत हाच बेत जसाच्या तसा झाला होता. ते काम जवळून बघितलंय, म्हणून तेच नीट सांगतो.

तिसरा मजला, ११ बाय ४ ची गॅलरी, तोंड समुद्राकडे. मे महिन्यात काम उरकलं होतं: जुन्या फरशीवर नवी टाइल, भिंतीला आतल्या खोल्यांची अ‍ॅक्रिलिक पुट्टी, तिच्यावर गडद निळा ऑइलपेंट आणि खाली हिरवं गवत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर पुरीएवढे फुगे आले. काम करणाऱ्या इंटिरिअरवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: ‘समुद्राची हवा आहे, हे होणारच.’

असा फुगा आला की आधी तो ब्लेडने कापून पोपड्याची पाठ बघावी. पाठीला वाळू-सिमेंट चिकटून आलं असेल तर प्लास्टर गेलंय. पाठ स्वच्छ किंवा नुसती धुळकट असेल तर प्रायमर न मारता किंवा धुळीवरच रंग फासलाय. माहीमच्या पोपड्यांची पाठ पांढरी, ओल्या खडूसारखी होती. बोटाने चोळली की पुट्टीचा लगदा व्हायचा. ही पुट्टी सतत ओल सोसण्यासाठी नसतेच. बाहेर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लागते. त्यातून वर ऑइलपेंट. ओल्या भिंतीतले सिमेंटचे क्षार ऑइलपेंटमधल्या तेलाला भिडले की त्याचा अक्षरशः साबण होतो, रंग मऊ आणि चिकट पडतो.

पण रंग का सुटला एवढं कळून भागत नाही, पाणी कुठून आलं ते कळायला हवं. त्यासाठी दोन गोष्टी करायच्या, दोन्ही जवळपास फुकट. फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून २४ तास ठेवायचं. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतलं, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा. माहीमला थेंब भिंतीकडच्या बाजूला होते, हॉलच्या बाजूने लावलेल्या प्लास्टिकवरसुद्धा. हवेवर ढकलायचा विषय तिथेच संपला.

दुसरी गोष्ट पेन्सिल. ओलीची वरची कड जिथे संपते तिथे आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. माहीमला पाच दिवसांच्या झडीत ही रेघ ९ इंचांवरून १४ इंचांवर गेली, आणि नंतर तीन दिवस उघडीप मिळूनही खाली आली नाही. ओल फरशीपासून वर चढत असेल तर पाणी फरशी आणि भिंतीच्या सांध्यात आहे. वरून खाली उतरत असेल तर वरच्या मजल्याची गॅलरी बघा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी येत असेल तर खिडकीच्या चौकटीचा सांधा किंवा आतल्या बाजूला उतार असलेली खिडकीखालची पट्टी.

रेघ थांबेना म्हणून गवत उचललं. खाली काळा बुळबुळीत थर, आणि पाणी जायच्या जाळीत कुंड्यांची माती घट्ट बसलेली. टाइलवर साधी गोटी ठेवली, ती जाळीकडे जायच्या ऐवजी भिंतीकडे घरंगळली. ट्यूबलेव्हल लावली तर ४ फुटांत ५ मिलिमीटर उलटा उतार. जुन्या फरशीचा उतार नवी टाइल बसवताना बिघडवला होता, आणि जुन्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे भिंत आणि फरशी मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर कोपरा, टाइल काटकोनात बसावी म्हणून तोडून टाकला होता. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावरची, त्याच दिशेची, तोच वारा खाणारी गॅलरी खणखणीत कोरडी होती. तिथे जुनी फरशी आणि जुना वाटा शाबूत होता. समुद्र दोन्ही गॅलऱ्यांना सारखाच होता.

आता वजनाचं बघा. दोन इंच मसाला, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, आणि वर टाइल धरली तर चौरस फुटाला साधारण ११ किलो. ४४ चौरस फुटांच्या गॅलरीवर पावणेपाचशे-पाचशे किलो कायमचा बोजा. बऱ्याच गॅलऱ्यांना पुढून खांब नसतो, स्लॅब इमारतीतून बाहेर काढलेला असतो. टाइलवर टाइल सुचवणाऱ्याने हा हिशेब आधी सांगायला हवा.

दुरुस्ती अशी झाली. नवी टाइल आणि तिचा मसाला काढला. भिंतीवर ३ फुटांपर्यंत पुट्टी खरवडून प्लास्टर उघडं केलं. त्यावर फुललेला पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, आधी कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकला. धुऊन काढायचा मोह होतो, पण पाणी मारलं की क्षार पुन्हा भिंतीत शिरतात. कोपऱ्याच्या सांध्यात १० मिलिमीटर खोल-रुंद खाच मारून पॉलिमर मिसळलेला मसाला भरला आणि त्यावर वाटा केला. मग सिमेंट-अ‍ॅक्रिलिकच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला ओला असतानाच कोपऱ्यात फायबरची जाळी दाबून, फरशीवर आणि भिंतीवर फूटभर चढवून. पाणी जायच्या जाळीकडे ४ फुटांत १२ ते १५ मिलिमीटर उतार काढला. जाळीला बोळा लावून इंचभर पाणी ४८ तास भरून ठेवलं आणि या काळात खालच्यांच्या छताकडे लक्ष ठेवलं. एवढ्या गॅलरीत इंचभर पाणी म्हणजे शंभरेक लिटर, तेवढं चालतं. हॉलचा उंबरा तयार फरशीपासून निदान दोन इंच वर राहील हेही बघितलं. नाहीतर वाऱ्याचा पाऊस सरळ आत येतो. मग भिंत महिनाभर उघडी ठेवली. प्लास्टिक पुन्हा लावलं, कोरडं निघालं, तेव्हाच पुट्टी. हे सगळं दिवाळीनंतर केलं, कारण मुंबईत भिंत खरी वाळते ती त्या दिवसांत.

आता तुमचा रंग. गॅलरीचा रंग गॅलरीसाठी नसतो, हॉलसाठी असतो. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन कठड्यावरून आत येऊन फरशीवर आणि मागच्या भिंतीवर पडतं, तिथून छतावर उसळतं आणि मग हॉलमध्ये येतं. स्वच्छ पांढरा पडणाऱ्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, गडद निळा १० टक्केही नाही. हॉल अंधारा आहे म्हणता आणि हॉलला उजेड देणारी भिंतच काळोखी करता. शिवाय न फेकलेलं ऊन भिंत पिते आणि रात्री दहापर्यंत हॉलमध्ये गरमी सोडत राहते. हिरव्या गवताचंही तेच: छताला हिरवट झाक येते, तोंडं आजारी दिसतात.

म्हणून छत पांढरंच. मागची आणि बाजूच्या भिंती फिकट, पण पिवळसर मोतिया नको, कारण संध्याकाळच्या उन्हात तो हळदीसारखा दिसतो. फिकट राखाडी किंवा किंचित हिरवट पांढरा घ्या. गडद निळा हवाच असेल तर कठड्याच्या आतल्या बाजूला द्या. ऊन कठड्यावरून येतं तेव्हा ती बाजू सावलीतच असते, त्यामुळे उजेडाचं फारसं नुकसान नाही, आणि हॉलमध्ये बसल्यावर समोर दिसते तीच. फरशी फिकट ठेवा. रंग पुठ्ठ्याच्या दोन फुटी तुकड्यावर दोन हात मारून सकाळी, दुपारी, संध्याकाळी सहाला आणि रात्री दिव्याखाली बघा. दुकानातल्या कार्डावरून ठरवू नका.

तुमच्या गॅलरीत दारं-खिडक्या वजा जाता दीडशे चौरस फूट भिंत निघेल. सिमेंट पुट्टी १० ते १५ किलो, बाहेरचा प्रायमर दीड-दोन लिटर, बाहेरचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन दोन हातांना तीन लिटर. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालायचं. रंगारी पातळ करून डबा वाचवतात आणि दुसऱ्याच पावसाळ्यात भिंत उघडी पडते. समोर उभं राहून मिसळून घ्या.

सजावटीचं पटापट सांगतो. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती बसते, भिजली की २५ ते २७ किलो. कोकोपीट आणि शेणखत मिसळलं तर जवळपास निम्मं. जड कुंड्या भिंतीच्या बाजूला, कठड्याच्या टोकाला नाही, आणि कठड्यावर किंवा बाहेर लटकणारी तर एकही नको, खाली माणसं चालतात. पश्चिमेच्या उन्हात बोगनवेल, अडेनियम, सदाफुली छान येतात. मोगऱ्यालाही ऊन आवडतं, फक्त मे महिन्यात दोन वेळा पाणी. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून घासा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवसच घेतो आणि पालिकेची माणसं त्या ताटल्याच तपासतात. बसायला घडीचं टेबल हवं असेल तर २४ बाय १५ इंच पुरे, उंची २९ इंच, पण ते मागच्या भिंतीत बसवा. कठडा बहुतेक वेळा चार इंची विटांचा असतो, तो ओढ सोसत नाही. प्लाय मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारंच, घ्या आणि कापलेल्या कडा रंगाने किंवा इपॉक्सीने बंद करा, पाणी कडेतूनच शिरतं. कबुतरजाळी काळी घ्या, पांढरी डोळ्यांना सतत खुपते.

आणि ‘गॅलरी आत घ्या, हॉल मोठा होईल’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळणार. घेऊ नका. ४ फूट लांबी वाढते, पण वारा आणि उजेड दोन्ही काचेमागे जातात, आणि पाऊस आधी कठड्यावर थांबायचा तो थेट खिडकीच्या सांध्यावर येतो. शिवाजी पार्क, माटुंग्यातल्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर त्या लांब आडव्या पट्ट्या बघा. ऊन आणि पाऊस भिंतीपासून लांब ठेवायला केलेल्या आहेत. उघडी गॅलरी तुमच्या हॉलसाठी तेच करते. माहीमवाल्यांनाही हाच सल्ला मिळाला होता. वाद बराच चालला, पण गॅलरी उघडी राहिली, आणि पुढच्या पावसाळ्यात पेन्सिलची रेघ मारायला ओल सापडली नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. गॅलरीच्या खालच्या बाजूला गंजाचे डाग, सळईच्या रेषेत चीर किंवा सुटलेलं काँक्रीट दिसत असेल तर यातलं काहीही करू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल सोसायटीकडे मागा. आणि बाहेरून दिसणारा रंग, ग्रिल, जाळी यांना सोसायटीची लेखी परवानगी लागते. घर भाड्याचं असेल तर वॉटरप्रूफिंगचा खर्च मालकाकडून करून घ्या आणि तुम्ही फक्त रंगाचा करा.