विचारा ताईला: इंग्लिश शिकवायचं सर्टिफिकेट, दोन हजारवालं की लाखवालं?

प्रश्न: ताई, मी संगमनेरची, वय 36. शाळा मराठी मीडियम, नंतर एम.ए. इंग्लिश केलं. घरी दहावीचे क्लास घेते, आता आजूबाजूच्या बायका पण स्पोकन इंग्लिशसाठी विचारतायत. मोबाईलवर सारखी जाहिरात येते, 120 तासांचं ऑनलाइन टेफल (परभाषा म्हणून इंग्लिश शिकवायचं) सर्टिफिकेट, फक्त दोन हजारात. ते करू की सेल्टा, तो इंग्लिश शिकवणाऱ्यांसाठीचा महागडा कोर्स, करू? आणि मराठी मीडियमवालीला हे जमेल का, खरं सांगा.

उत्तर: दोन हजारवालं करायचं तर वाचायला काहीतरी मिळतंय म्हणून करा, त्या कागदावर भिस्त ठेवू नका. आकड्याला फसू नका, केंब्रिजचा सेल्टा पण साधारण 120 तासांचाच असतो, पण त्यात 6 तास तुम्ही खऱ्या शिकणाऱ्यांना शिकवायचं असतं, तेही दोन वेगवेगळ्या लेव्हलच्या, आणि ट्रेनर मागे बसून सगळं लिहून घेत असतो. वर चार असाइनमेंट, अनुभवी शिक्षकांचे क्लास बघणं वेगळंच. फुल टाइम केला तर चार-पाच आठवडे घरचं सगळं विसरायचं. स्वस्तातल्या बऱ्याच कोर्सात व्हिडिओ बघायचे, बरोबर उत्तरावर टिक करायची, झालं. तुम्हाला शिकवताना कोणी बघतच नाही.

आणि ते बघणं म्हणजे काय ते मला विचारा. माझा पहिला लेसन 40 मिनिटांचा, प्रेझेंट परफेक्ट, मी फळा भरून नियम लिहिले, शेवटी विचारलं "अंडरस्टुड?", सगळे "येस मॅम", मी खूश. ट्रेनरबाईंच्या कागदावर एकच ओळ होती, 40 पैकी मुलं 4 मिनिटं बोलली. रात्री जेवण गेलं नाही. पण तिथूनच कळलं की "समजलं का" हा प्रश्नच बिनकामाचा, कारण कोण नाही म्हणणार! "ही हॅज लिव्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स" हे कळलंय का बघायचं तर विचारायचं, मग आता तो कुठे राहतो? उत्तर अर्थात पुण्यातच. कोणी "माहीत नाही" किंवा "मुंबईला" म्हटलं की समजायचं, गाडी अजून स्टँडवरच आहे.

मराठी मीडियमचं म्हणाल तर उलट तो तुमचा हुकमाचा पत्ता आहे हो. मुलगी "आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स" म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात "पाच वर्षांपासून राहतेय" असतं, मराठीत ते शंभर टक्के बरोबर आहे, आपला "पासून" दोन्हीकडे चालतो, इंग्लिशमध्ये फॉर आणि सिन्स वेगळे. हे तुम्हाला ऐकल्या ऐकल्या कळतं, लंडनच्या माणसाला शिकून घ्यावं लागतं. तसंच परीक्षेची टेस्ट आणि जिभेची टेस्ट, आपण दोन्ही एकसारखंच लिहितो आणि बोलतो पण तसंच, इंग्लिशमध्ये मात्र दोन्हींचे उच्चार वेगळे. सेल्टाला इंग्लिश मातृभाषा लागत नाही, इंग्लिश पक्कं लागतं, आधी एक टास्क आणि इंटरव्ह्यू असतो.

पण फी लाखाच्या पुढे जाते आणि घरच्या क्लासमधून ती वसूल व्हायला फार वेळ लागेल, त्यामुळे तुम्हाला मी आत्ता तरी सेल्टा नको म्हणेन. तुमचं एम.ए. आहे, हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्लिश आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) पीजीसीटीई, म्हणजे इंग्लिश शिकवण्याचा पदवीनंतरचा सर्टिफिकेट कोर्स बघा, इग्नूचा इंग्लिश शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स पण आहे, यंदाचे प्रवेश कसे ते त्यांच्या साइटवर बघून घ्या. उद्या शाळेत नोकरीचा विचार आला तर मात्र बी.एड., टीईटी वगैरे लागणारच, सेल्टा त्याच्या जागी चालत नाही.

तोपर्यंत फुकटातलं एक करा. बायकांचा एक क्लास त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घड्याळ लावून मोजा, तुम्ही किती बोललात, त्या किती. आपलाच आवाज ऐकून कसंतरी होतं, होऊ द्या. एखाद्या शिक्षिका मैत्रिणीला मागे बसवलंत तर अजून चांगलं, फक्त "छान झालं" म्हणणारी मैत्रीण नको.

प्रश्न: मी बी.ए. झालोय, टेफल करून साउथ कोरियाला शिकवायला जायचंय. एजंट म्हणतो सर्टिफिकेट असलं की काम झालं.

उत्तर: एजंटला आधी पासपोर्टचं विचार. तिथल्या खासगी क्लासमध्ये इंग्लिश शिकवायचा ई-टू व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि साउथ आफ्रिका या 7 देशांच्या नागरिकांनाच मिळतो, मग तू सर्टिफिकेट सोन्याचं का आणेनास. सरकारी शाळांसाठी भारतीयांना वेगळी वाट आहे, पण तिथे शिक्षकाची रीतसर पात्रता लागते, नुसतं टेफल चालत नाही. पैसे दिले नसशील तर देऊ नकोस, दिले असशील तर पावती सांभाळून ठेव.