'मंजूर' कोण दाबतंय? एआय वापरणाऱ्या धंद्यांचे प्रश्न

वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं साठली आहेत. लिहिणारे हात वेगवेगळे असले तरी गोंधळ एकच. एआय घेऊन झालंय, त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचं हे मात्र कोणी ठरवलेलं नाही. दर वेळी तेच उत्तर फोनवर देण्यापेक्षा काही प्रश्न इथेच घेते. उत्तरं सर्वसाधारण आहेत. करार, कर आणि कायद्याच्या बाबतीत आपापल्या वकिलाला किंवा सीएला कागद दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नका.

प्रश्न : आमच्या ऑफिसातली मुलं फुकटच्या चॅटजीपीटीवर कोटेशनची पत्रं लिहितात. बंद करून टाकू का? (कारखानदार, रबाळे)

बंद केलंत तर ते खिशातल्या मोबाईलवर जाईल आणि तुम्हाला दिसणारही नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीत चिकटवला, तेव्हा कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं परिपत्रक काढलं. पण त्यांच्याकडे बंदी राबवायला आयटी विभाग असतात. तुमच्याकडे एक हार्डवेअरवाला असणार, तोही बोलावल्यावर तिसऱ्या दिवशी उगवणारा.

त्यापेक्षा कंपनीच्या नावाने पैसे भरून व्यावसायिक खातं घ्या. फुकटच्या खात्यात टाकलेला मजकूर मॉडेल शिकवायला वापरला जाऊ शकतो. ते बंद करायची सोय असते, पण प्रत्येकाने ती केली का हे कोण बघणार? व्यावसायिक खात्यांत सहसा तसं होत नाही. 'सहसा'वर मात्र विसंबू नका, अटींमधलं ते कलम वाचा किंवा वकिलाकडून वाचून घ्या. मग एक पानाचा नियम मराठीत लिहून भिंतीवर लावा. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, दरपत्रक, पगाराचा तक्ता, आधार, पॅन, बँकेचा तपशील यातलं काहीही चिकटवायचं नाही. ड्रॉइंगसाठी तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे हे त्या मुलांना माहीतच नसतं, कारण तो करार तुमच्या कपाटात असतो.

प्रश्न : एआयने लिहिलेली सेलची जाहिरात वापरली तर चालेल का? (साडीचं दुकान, नौपाडा)

चालेल. किंमत, सूट आणि तारखा तेवढ्या स्वतः तपासा.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲपवरच्या बॉटने गिऱ्हाइकाला मागच्या महिन्याचा दर सांगितला. बॉट देणारा म्हणतो, मशीनची चूक आहे, तुम्ही बांधील नाही. खरं का? (मसाल्याचे घाऊक व्यापारी, एपीएमसी, वाशी)

त्याला असं म्हणायला काय जातं? नुकसान तुमचं आहे.

एअर कॅनडाने नेमका हाच बचाव करून पाहिला होता. आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एकाला त्यांच्या चॅटबॉटने सांगितलं, आत्ता तिकीट काढा, सवलतीचा अर्ज मागाहून करा. कंपनीचा नियम उलटा होता. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा कंपनीचा युक्तिवाद तिथल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ होती. वेबसाइटवरच्या माहितीची जबाबदारी कंपनीचीच, मग ती साध्या पानावर असो की बॉटच्या तोंडी, हे निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

कॅनडाचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, म्हणून गिऱ्हाइकाला काही लिहून देण्याआधी संपूर्ण संभाषण वकिलाला दाखवा. एकही मेसेज डिलीट करू नका. बॉटला स्वतःच्या मनाने दर बोलू देऊ नका. तो रोजच्या दराच्या यादीतूनच उचलला गेला पाहिजे, आणि यादी आज बदललेली नसेल तर बॉटने 'दुकानात फोन करा' एवढंच सांगावं. शिवाय बॉटवाल्याचा करार काढून पाहा. नुकसानभरपाई तुम्ही भरलेल्या फीपुरतीच, असं एक कलम शेवटच्या पानावर बहुतेक सापडेल.

प्रश्न : खरेदीची बिलं आता एआय वाचतं आणि टॅलीत एंट्री टाकतं. शेवटी आमचा माणूस 'मंजूर' दाबतो. म्हणजे माणसाची देखरेख झालीच ना? ऑडिटरला तेवढं पुरेल? (केमिकल ट्रेडिंग, महापे)

याच उत्तरासाठी मी हा कॉलम लिहायला बसले आहे, तेव्हा थोडं सविस्तर ऐकून घ्या.

अशाच एका ऑफिसात मी 'मंजूर' दाबणाऱ्या मुलाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. स्क्रीनवर डावीकडे बिलाचा फोटो, उजवीकडे मशीनने भरलेले रकाने. खाली ठसठशीत हिरवं 'मंजूर' आणि त्याच्या बाजूला बारीक, करड्या रंगात 'परत पाठवा'. मंजूर दाबलं की पुढचं बिल आपोआप येतं. परत पाठवलं की कारणाचा चौकोन उघडतो, तो भरावा लागतो, आणि संध्याकाळी साहेब विचारतात की आज आकडा कमी कसा. वापीच्या पुरवठादाराचं एक बिल आलं. जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. फोटोत त्यावर शिक्क्याची शाई पसरली होती. मशीनने २७ वाचलं, महाराष्ट्राचं बिल समजून आयजीएसटीची, म्हणजे परराज्यातल्या खरेदीवरच्या कराची रक्कम राज्यातल्या खरेदीला लागणाऱ्या सीजीएसटी आणि एसजीएसटीत निम्मी निम्मी टाकली. बेरीज तंतोतंत बरोबर. मुलाने बेरीज पाहिली आणि हिरवं दाबलं. मी बोट ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हे तर नेहमी बरोबरच असतं."

त्याचं काही चुकलं नाही. नेहमी बरोबर असतं म्हणूनच डोळा सुस्तावतो. मशीन जितकं बिनचूक, तितकं त्याच्यावर लक्ष ठेवणं माणसाला अवघड जातं. विमानांच्या कॉकपिटमध्ये ही गोष्ट फार पूर्वीच ध्यानात आली आहे. युरोपच्या एआय कायद्यात माणसाच्या देखरेखीचं कलम आहे, त्यात मशीनवर आपसूक विसंबण्याच्या या सवयीचा नाव घेऊन उल्लेख आहे. छोट्या ऑफिसातच असं होतं अशातला भाग नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीला ऑस्ट्रेलियाच्या सरकारला एका अहवालाचे काही पैसे परत करावे लागले. सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचं ते काम, आणि त्यात अस्तित्वात नसलेले संदर्भ आणि कोर्टाच्या निकालातलं बनावट अवतरण निघालं. तिथे तपासणारी माणसं नसतील असं वाटतं का तुम्हाला?

तेव्हा बटणामागे माणूस बसवला म्हणजे देखरेख झाली, हे डोक्यातून काढा. त्या माणसाला वेळ, माहिती आणि 'नाही' म्हणायची मुभा, तिन्ही लागतात. सगळी बिलं एका रांगेत लावू नका. नवा पुरवठादार, परराज्यातलं बिल, बँक खाते क्रमांक बदललेलं बिल आणि तुम्ही ठरवाल त्या रकमेवरचं बिल वेगळं निघालं पाहिजे, आणि ते जुन्या माणसाने कागद हातात घेऊन पाहिलं पाहिजे. 'परत पाठवा' हे बटण 'मंजूर'एवढंच मोठं करून घ्या. सॉफ्टवेअरवाला कुरकुर करेल, करू दे. दिवसाला किती बिलं सोडली यावर मुलाचं काम मोजणं थांबवा. आणि दर आठवड्याला तुम्ही स्वतः मुद्दाम चुकवलेली दोन-चार नमुना बिलं त्या रांगेत सोडा, कोणाला न सांगता, आणि पुस्तकात जाण्याआधी ती काढून घ्यायची व्यवस्था ठेवून. ती पकडली गेली नाहीत तर देखरेख कागदावरच आहे. महिनाभरात एकही बिल परत गेलं नसेल तर खूश होऊ नका, चौकशी करा.

आता ऑडिटर. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. पण मशीनची एंट्री कोणाच्या नावाने पडते हे पाहिलंत? बहुतेक ठिकाणी पुरवठादार त्या मुलाचाच लॉगिन मशीनला जोडून देतो, सोपं पडतं म्हणून. मग नोंदीत दिसतं की रात्री दोन वाजता त्या मुलाने शंभर बिलं भरली, आणि तो तर घरी झोपलेला! उद्या वाद झाला तर त्या नोंदीला काय अर्थ उरला? मशीनला स्वतंत्र लॉगिन द्या, माणसाने काय बदललं ते वेगळं दिसू द्या. बाकी काय पुरेल ते तुमच्या ऑडिटरनेच लेखी सांगावं. वर्ष संपल्यावर विचारू नका, याच महिन्यात बोलावून घ्या.

आणि मशीन बंद पडलं तर हाताने एंट्री करू शकणारं ऑफिसात अजून कोणी आहे का, हेही एकदा बघा.

प्रश्न : नोकरीचे अर्ज चाळणारं एआय घ्यावं का? विक्रेता सांगतो, माणसाचा पक्षपात संपतो. (एचआर, ऐरोली)

पक्षपात संपत नाही, मशीन तो शिकतं. अॅमेझॉनने असं साधन बनवून पाहिलं होतं. जुन्या, बहुतांश पुरुषांच्या अर्जांवर शिकल्यामुळे ते 'महिलांचा' असा उल्लेख असलेले अर्ज खाली ढकलायला लागलं, आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. आपल्याकडे तर बाळंतपणानंतरचा खंड, गावाकडचं कॉलेज, राहण्याचा पत्ता, आडनाव, कशावरही चाळणी लागू शकते आणि कळणार नाही. घेतलंत तर नाकारलेले अर्ज अधूनमधून माणसाने वाचायचे, निवडलेले वाचून काही समजत नाही. मुलाखतीत चेहऱ्यावरून 'आत्मविश्वास' मोजणारं काही विकायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कामाच्या ठिकाणी भावना ओळखण्यावर युरोपात फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. तुमचे उमेदवार किंवा गिऱ्हाईक युरोपातले असतील तर वकिलाशी बोलल्याशिवाय काहीच घेऊ नका.

प्रश्न : एक कन्सल्टंट पंधरा दिवसांत 'आयएसओचं एआय सर्टिफिकेट' देतो म्हणतोय. घ्यावं का? (पॅकेजिंग, वागळे इस्टेट)

नको.

बरं, कारण सांगते. एआयच्या व्यवस्थापनाचं मानक आहे, आयएसओ ४२००१, डिसेंबर २०२३ चं. पण आयएसओ स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते वेगळ्या प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थेला मान्यता कोणाची हे आधी बघायचं असतं. मानकाप्रमाणे काम चालवून, अंतर्गत तपासणी करून, वरिष्ठांनी आढावा घेऊन मग बाहेरच्या संस्थेचं ऑडिट होतं. पंधरा दिवसांत दुसऱ्या कंपनीचं नाव खोडून तुमचं टाकलेली फाइल मिळेल. गिऱ्हाइकाने सर्टिफिकेट मागितलंय का, आणि नेमकं कोणतं, हे आधी त्यालाच ईमेलवर विचारा.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासून प्रगती सांगणारं ॲप घेतलंय. डेटाचा कायदा अजून लागू नाही ना? (क्लास चालक, घोडबंदर रोड)

'अजून वेळ आहे' हे मी फार ऐकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. ॲपमध्ये मुलांची माहिती मात्र आजच जमते आहे. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, म्हणजे तुमचे दहावी-बारावीवाले जवळजवळ सगळेच. त्यांच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शिक्षणसंस्थांना काही बाबतीत सूट आहे, ती तुमच्या क्लासला मिळते का हे वकीलच सांगेल. ॲपवाल्याकडून काही फुटलं तरी कायद्यापुढे उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. या वर्षीचे प्रवेश सुरू होण्याआधी फॉर्म बदलून घ्या.

प्रश्न : आमच्या अकाउंटंटला हुबेहूब माझ्या आवाजात फोन आला आणि तिने एका नव्या खात्यावर पैसे पाठवले. बाजारात नाव खराब होईल म्हणून चार दिवस गप्प आहोत. तिला कामावरून काढू का? (व्यावसायिक, कोपरखैरणे)

चार दिवस? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केलात का? पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आता ती कमी झाली आहे, शून्य नाही. आत्ता उठा, १९३० वर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, बँकेला लेखी कळवा, पोलीस ठाण्यात जा. वकील सोबत असेल तर बरं, पण त्याच्या वेळेसाठी थांबू नका.

नाव खराब होण्याचं म्हणाल, तर २०२४ मध्ये अरुप या जगभर काम करणाऱ्या कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर खोटे साहेब दाखवून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर काढून घेतले गेले. कंपनीने ते मान्य केलं, आणि कंपनी चालू आहे. यापुढे नवं खातं असलं की तुमच्या जुन्या, सेव्ह केलेल्या नंबरवर उलट फोन केल्याशिवाय एक रुपया जाणार नाही, हा नियम करा. तुमचा स्वतःचा आवाज ऐकला तरी.

अकाउंटंटला काढू नका. तो कॉल तिच्या फोनवर आलाय, तिचा जबाब आणि तिचा फोन दोन्ही पोलिसांना लागतील. आज तिला सोबत घेऊनच जा, आणि जाण्याआधी तिने फोनमधलं काही पुसलेलं नाही ना, तेवढं विचारा.