केसांची गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट

या वेळी हार्मोनच्या टेस्टवरच इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊया. आधी एवढं लक्षात ठेवा, टीएसएच हा मेंदूतून येणारा, थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन आणि टी फोर (रक्तात मोकळा असतो तो फ्री टी फोर) हा थायरॉइडचा स्वतःचा. थायरॉइड जास्त चालला की टीएसएच उतरतो आणि टी फोर चढतो, कमी चालला की उलट.

प्रश्न: ताई, वय ३४, राहते नाशिकला. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये टीएसएच ०.०८ आला आणि फ्री टी फोर रेंजच्या वर. डॉक्टर म्हणाले हायपर म्हणजे थायरॉइड जास्त चालतोय असं दिसतंय, ग्रेव्ह्जची (शरीराच्याच अँटिबॉडी थायरॉइडला जास्त पळवतात तो आजार) अँटिबॉडी करून घ्या, तर तीही पॉझिटिव्ह! पण मला ना धडधड, ना हात थरथरतात, ना वजन उतरलंय (उतरलं असतं तर चाललं असतं). त्याच लॅबमध्ये परत केली, तेच आकडे. मग बहिणीच्या सांगण्यावरून दुसरीकडे केली तर सगळं नॉर्मल. नक्की कुठली लॅब चुकतेय? औषध विचाराल तर काहीच चालू नाही, केस गळतात म्हणून बायोटिन या व्हिटॅमिनची १० मिलिग्रॅमची गोळी घेते तेवढीच.

उत्तर: पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुमच्या जागी मी असते तर आधी त्या गोळीकडेच बोट दाखवलं असतं. आपल्याला दिवसाला बायोटिन लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे तुमच्या एका गोळीत त्याच्या तीनशेपट माल आहे. त्याने थायरॉइडला काही होत नाही हो, गडबड होते ती मशीनमध्ये.

कशी ते सांगते, जरा लांबेल. टीएसएच मोजताना बऱ्याच मशीनमध्ये दोन अँटिबॉडी (ठरावीक गोष्टीलाच धरणारी प्रोटीन) वापरतात, एक हार्मोनला एका बाजूने धरते, दुसरी दुसऱ्या बाजूने, एकीला बायोटिन चिकटवलेलं असतं आणि दुसरीला उजेड देणारं केमिकल. मग स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रोटीनचा थर दिलेले बारीक कण टाकतात, कारण ते बायोटिनला असं घट्ट धरतं की सुटता सुटत नाही, आणि अडकलं तेवढं ठेवून बाकी सगळं धुऊन काढतात. आता तुमच्या रक्तात आधीच मोकळं बायोटिन तरंगत असेल तर संगीत खुर्चीसारखं होतं, खुर्च्या त्यानेच भरतात, हार्मोन धरलेली अँटिबॉडी उभीच राहते आणि धुण्यात वाहून जाते. उजेड कमी, मशीन म्हणतं टीएसएच कमी.

टी फोरचा रेणू इवलासा, त्याला दोन अँटिबॉडी एकाच वेळी धरू शकत नाहीत, म्हणून तिथे रक्तातला हार्मोन आणि उजेड देणारं केमिकल लावलेला हार्मोन एकाच अँटिबॉडीसाठी स्पर्धा करतात आणि हिशोब उलटा असतो. उजेड जितका कमी तितका हार्मोन जास्त. ग्रेव्ह्जच्या अँटिबॉडीची टेस्टसुद्धा काही मशीनवर याच उलट्या पद्धतीने चालते. म्हणजे एका गोळीने टीएसएच खाली, टी फोर वर, अँटिबॉडी पॉझिटिव्ह, अगदी पुस्तकातला ग्रेव्ह्ज! २०१६ मध्ये अशा सहा मुलांची हकीकत एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये आली होती, त्यांना दुसऱ्या आजारासाठी बायोटिनचा मोठा डोस चालू होता, तो थांबवल्यावर रिपोर्ट सरळ झाले.

त्याच लॅबमध्ये परत तेच का आलं हेही आता कळलं असेल, मशीन तेच, गोळीही चालूच. दुसऱ्या लॅबची पद्धत बहुतेक वेगळी असणार, सगळ्या मशीन ही बायोटिनची युक्ती वापरत नाहीत आणि काही कंपन्यांनी आता किट सुधारलेतही. तेव्हा लॅब कुणाची चुकली असं म्हणता येणार नाही, रक्त घेताना कुणी गोळ्यांचं विचारलं नाही एवढी तक्रार मात्र नक्की करा. गोळी निदान दोन दिवस बंद ठेवून परत टेस्ट करा आणि तोपर्यंत थायरॉइड दाबायची गोळी सुरू करू नका, हे डॉक्टरांशी बोलूनच. आणि ही गंमत फक्त थायरॉइडपुरती नाहीये, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये जो इशारा दिला त्यात हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्ट बायोटिनमुळे खोटी कमी आल्याचा आणि पेशंट दगावल्याचा उल्लेख होता.

प्रश्न: मी बीएस्सीला आहे. रक्तात हार्मोन इतकं कमी असतं तर ते मोजायची आयडिया सुचली कुणाला?

उत्तर: रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात. ती फिजिक्सवाली, तो डॉक्टर. इन्सुलिनला रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन जोडून टोचलं तर आधी इन्सुलिन घेतलेल्या लोकांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकत होतं. म्हणजे शरीराने जनावरांच्या इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या होत्या. तेव्हाच्या जाणकारांचं मत असं की इन्सुलिन एवढं छोटं प्रोटीन, त्याच्यावर अँटिबॉडी होणारच नाही, त्यामुळे पेपर परत आला! शेवटी १९५६ मध्ये शीर्षकातून 'अँटिबॉडी' काढून छापला. यॅलोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि १९७७ ला नोबेल मिळालं तेव्हा भाषणात दाखवलं, मला हे फार आवडतं. बर्सन १९७२ लाच गेले होते, नोबेल गेलेल्या माणसाला देत नाहीत.

पण खरी हुशारी पुढची आहे. जी अँटिबॉडी पेशंटच्या औषधाला अडवत होती तीच यांनी मोजायला वापरली. ठरावीक अँटिबॉडी, ठरावीक रेडिओअॅक्टिव्ह इन्सुलिन आणि त्यात पेशंटचं रक्त, रक्तातलं इन्सुलिन जितकं जास्त तितकं रेडिओअॅक्टिव्ह बाहेर ढकललं जाणार, ते मोजा. पेटंट घेतलं नाही, त्यामुळे जगभर पसरलं. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, मुंबईच्या जुन्या थायरॉइड पेशंटना परळची वारी आठवत असेल. आता किरणोत्सर्गाच्या जागी उजेड आला, पण वरच्या ताईंच्या टी फोरच्या टेस्टमधली स्पर्धा तीच आहे.

प्रश्न: आईचं वय ७४, कोल्हापूर. टीएसएच ७.१, टी फोर नॉर्मल. डॉक्टर म्हणतात गोळी नको, परत तपासू. आमच्या घरात यावरून दोन पार्ट्या पडल्यात, आई दिवसभर दमलेली असते ती याच्यामुळेच असं बायकोचं म्हणणं.

उत्तर: दादा, वहिनींचं म्हणणं चुकीचं वाटत नाही, पूर्वी बऱ्याच डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. म्हणून तर युरोपात ट्रस्ट नावाची ट्रायल झाली, २०१७ ला निकाल आला. ६५ च्या वरची ७३७ माणसं, टीएसएच असाच थोडा वाढलेला, निम्म्यांना थायरॉक्सिन (म्हणजे टी फोरचीच गोळी), निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि कुणाला कुठली ते पेशंटलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. वर्षाने गोळीवाल्यांचा टीएसएच खाली आला पण थकवा आणि बाकी त्रास दोन्हीकडे सारखाच. आकडा सुधारला, माणसाला फरक नाही. खोट्या गोळीवाल्यांचाही सरासरी टीएसएच आपोआप जरासा उतरला होता, म्हणून डॉक्टर परत तपासू म्हणतायत.

मात्र त्या ट्रायलमध्ये १० च्या वर टीएसएच असलेले लोक फार थोडे होते, तेव्हा आईचा आकडा तिथे गेला तर विषय वेगळा. आणि हे वाचून कुणी आपली आधीपासूनची थायरॉइडची गोळी बंद करू नका प्लीज, दिवस राहिलेल्या किंवा त्याचा विचार करणाऱ्या मुलींनी तर मुळीच नाही. आईच्या थकव्यासाठी हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह, शुगर, झोप हे बघून घ्या.

प्रश्न: टेस्टला उपाशी जायचं का?

उत्तर: थायरॉइडसाठी गरज नाही. सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या, आणि दर वेळी साधारण एकाच वेळेला जा, टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो.

प्रश्न: मुलीची डिलिव्हरी झाली, दुसऱ्याच दिवशी घरी सोडतायत. टाचेतून रक्त घ्यायचं म्हणतात, एवढ्याशा बाळाला कशाला?

उत्तर: आजी, घेऊ द्या. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ सुरुवातीला अगदी छान दिसतं, लक्षणं कळेपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन बसतं. आयसीएमआर या केंद्राच्या मेडिकल संशोधन संस्थेने देशभरात लाखभर बाळं तपासली तेव्हा साधारण ११०० मध्ये एक सापडलं, आणि गोव्याने तर २००८ मध्येच सरकारी दवाखान्यांतून अशी तपासणी सुरू केली होती. दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली तर मूल बाकीच्यांसारखंच शिकतं-वाढतं. फक्त जन्मल्याबरोबर पहिल्या दिवशी टीएसएच सगळ्याच बाळांचा उसळतो, म्हणून रक्त ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतलेलं चांगलं. आधी सोडत असतील तर परत कधी आणायचं ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या, आणि रिपोर्टसाठी मेसेजची वाट बघत बसू नका, फोन करून विचारा.