भावाला दवाखान्यात न्यायला कोर्टाची ऑर्डर लागते का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ कित्येक रात्री झोपलेला नाही, वडिलांवर सुरी घेऊन धावला, आणि पोलिस ठाण्यात तुम्हाला ‘आधी कोर्टाची ऑर्डर आणा’ असं सांगितलं.

ऑर्डर लागत नाही. मॅजिस्ट्रेटकडून आदेश आणायची रीत १९८७च्या कायद्यातली. मे २०१८पासून २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू आहे. त्याचं कलम १०० ठाण्यात दाखवा. आजारामुळे कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरत असेल, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये अजिबात ठेवायचं नाही.

शिवाय कलम ९४ आहे. जिवाला किंवा कुणाला गंभीर इजेचा धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी तुमचा फॅमिली डॉक्टरसुद्धा, घरी येऊन तातडीचे उपचार सुरू करू शकतो. भावानं प्रतिनिधी (आजारपणात त्याच्या वतीनं निर्णय घेणारा माणूस) नेमला नसेल तर नातेवाईक म्हणून तुमची संमती चालते. जवळच्या मनोरुग्णालयात तपासणीसाठी नेणंही त्यातच येतं. ही मुभा ७२ तासांची, किंवा तिथे तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. या काळात शॉक देता येत नाही.

पुढे ठेवायचं झालं तर कलम ८९: दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. त्याविरुद्ध भाऊ स्वतः याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागू शकतो. हे त्याच्यापासून लपवू नका.

पण न्यायचं कुणी? कायदा इथेच अपुरा पडतो, असं माझं ठाम मत आहे. नेण्याची परवानगी मिळाली, नेणारी माणसं मिळाली नाहीत. माझ्या बहिणीला न्यायला गणवेशातले पोलिस आले. तिला वाटलं अटकच होतेय. नंतर बराच काळ ती आम्हालाच घाबरायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री-अपरात्री बोलता येतं आणि त्याचा आधारही वाटतो, पण अशा वेळी दारात माणूस लागतो. प्रत्येक जिल्ह्यात साध्या कपड्यातली नर्स आणि समाजसेवक यांचं फिरतं पथक हवं. त्यासाठी पैसे आणि पदं मंजूर व्हायला हवीत.

तोवर पोलिसांना साध्या वेशात यायची विनंती करा. सुऱ्या-कात्र्या, फिनेल, गोळ्या आत्ताच बाहेर काढा. त्याच्याशी एकानंच बोला, आणि ‘लग्नाला जायचंय’ असली थाप मारू नका. पुन्हा अंगावर धावला तर थेट ११२. सावरल्यावर त्याला साध्या कागदावर त्याच्या पसंतीचा प्रतिनिधी नेमून सही करायला सांगा. तो तुम्हीच असाल असं नाही.