ताई, हे वाचू की ते खाऊ?

या महिन्यात आलेली पत्रं निम्मी पुस्तकांबद्दल आणि निम्मी पोटाबद्दल, आणि गंमत म्हणजे बरीचशी दोन्हीबद्दल एकदमच. म्हणून यावेळी वेगळे विभाग वगैरे न पाडता सगळ्यांना इथेच उत्तरं देते.

प्रश्न: ताई, माझं वय 44, नोकरी बँकेत. शुगर बॉर्डरवर आलीय असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून मी डाएटची पुस्तकं घेत सुटलेय. एकात भात बंद, दुसऱ्यात तूप हवं तेवढं खा, तिसऱ्यात नुसती भरडधान्यं, आणि व्हॉट्सॅपवर बहीण रोज काहीतरी चौथंच पाठवते. घरात नवऱ्याला आणि सासूबाईंना दुपारी हुमण (नारळ घातलेली माशांची आमटी) आणि भात लागतोच लागतो. मी माझ्यापुरतं वेगळं शिजवते, आठवडाभर टिकतं, मग पहिले पाढे पंचावन्न. नक्की कोणाचं ऐकू? (फोंडा)

उत्तर: आधी ती पुस्तकं कपाटात ठेवा, म्हणजे टाकू नका, पैसे दिलेत, पण नवीन आणू नका. डाएटचं पुस्तक हातात घेतलं की मी तीन गोष्टी बघते, लिहिणाऱ्याचं शिक्षण काय, शेवटच्या पानावर त्याची स्वतःची पावडर किंवा प्लॅन विकायला आहे का, आणि कुठला तरी एक पदार्थ सगळ्या आजारांचं मूळ म्हणून सांगितलाय का. तिसरी गोष्ट दिसली की मी पुस्तक खाली ठेवते. आणि मुळात काहीतरी वाचायचंच असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत ती वाचा, फुकट आहेत, इंटरनेटवर मिळतात, भाषा सरकारी आहे पण कोणी तुम्हाला काही विकत नाही हे काय कमी आहे. त्यात ताटाचं चित्र आहे, निम्मं ताट भाज्या आणि फळांचं, उरलेल्या अर्ध्यात धान्य, डाळी-कडधान्यं, दूध, अंडी किंवा मासे.

आता आपल्याकडचं ताट डोळ्यासमोर आणा. मधोमध भाताचा डोंगर, त्यावर हुमण, बाजूला रव्यात तळलेले दोन बांगडे, आणि तांबडी भाजी (लाल माठ)? ती एका कोपऱ्यात चमचाभर, लोणच्यासारखी वाढलेली. गडबड इथे आहे, भातात नाही. म्हणून वेगळं शिजवायचं आधी बंद करा, स्वतःसाठी वेगळं शिजवणारी बाई फार दिवस टिकत नाही, कारण सगळ्यांचं करून झाल्यावर तिला तिच्यासाठी उभं राहायचा कंटाळाच येतो. तेच जेवण सगळ्यांसाठी करा, फक्त माप फिरवा. भाजी तीन-चार मोठे चमचे आणि भात एक वाटी, आणि आधी भाजी वाढायची मग भात, उलटं केलंत की भाजीला जागाच उरत नाही. तांबडी भाजी करायला वेळ तरी कितीसा लागतो, कांदा, हिरवी मिरची, चिरलेली भाजी, पाणी अजिबात नको तिचं तिलाच सुटतं, वरून मूठभर खोबरं, दहा मिनिटांत खाली. आठवड्यातून दोनदा अळसांदे (चवळी) किंवा मुगाची गाठी, म्हणजे नारळ घातलेली उसळ, करा आणि त्या दिवशी भात आणखी अर्धा करा, कोणाच्या लक्षातही येत नाही.

तांदूळ बदलायचा असेल तर उकडा घ्या. भाताचे दाणे सालासकट उकडतात तेव्हा कोंड्यातली ब जीवनसत्त्वं आत दाण्यात जातात, म्हणून पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा तो बराच बरा, आणि लालसर, कमी पॉलिशचा मिळाला तर त्यात चोथाही राहतो. पण उकडा आहे म्हणून तीन वाट्या चालतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि हुमण असेल त्या दिवशी तळण नको, तळण असेल त्या दिवशी हुमणात नारळ जरा कमी. सासूबाईंना हे कसं सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत! शुगरची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता, ती मी किंवा कुठलं पुस्तक बघून सांगणार नाही.

प्रश्न: ताई, मी 26 वर्षांचा, म्हापशाहून वेर्ण्याला कंपनीत जातो, सकाळचा नाश्ता स्टॉलवर. पाव सोडून ब्राऊन ब्रेड खाऊ का? आणि दुसरं म्हणजे बसमध्ये दीड तास रील्स बघत जातो, वाटतं काहीतरी वाचावं पण शाळेनंतर पुस्तक हातात घेतलेलं नाही, कुठून सुरू करू? (म्हापसा)

उत्तर: तुला तू म्हणते, चालेल ना. ब्राऊन ब्रेडचं पाकीट उलटं कर. घटक लिहिलेले असतात ते वजनाने उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियमच आहे, म्हणजे सगळ्यात जास्त जे असेल ते पहिलं. पहिलं नाव रिफाइंड व्हीट फ्लोर असेल तर तो मैदा, आणि खाली कुठेतरी कॅरमेल कलर दिसला तर रंग कुठून आला तेही कळलं. आपली पोयी, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, त्यापेक्षा वाईट नाही, कोंडा लावलेली, आतून पोकळ. पण सगळ्या पोया सारख्या नसतात बरं का, काही बेकऱ्यांत आता मैदाच जास्त असतो आणि कोंडा वरवर भुरभुरवलेला, तेव्हा पदेराला (पाववाल्याला) सरळ विचार गव्हाचं पीठ किती घालतोस, तो सांगतो, त्याला त्यात लपवायचं काय.

आणि खरं म्हणजे पाव हा तुझा प्रॉब्लेम नाहीच. पातळ भाजी आणि पोयी हा चांगला नाश्ता आहे, कडधान्य पोटात जातं. तिच्यासोबत येणारी मिर्ची भजी, वर एक बन्स, जो मैदाच, गोडच आणि तळलेलाच, आणि मग चहा, हा सगळा लवाजमा बघ. चहाचा हिशोब करून बघ एकदा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे आठ चमचे, झाली तीस-चाळीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी आणि 25 पर्यंत आणली तर आणखी चांगलं. तुझा कोटा नुसत्या चहातच संपायला आला, बन्स अजून मोजलाच नाही. स्टॉलवाल्याला एक चमचा कमी सांग, पंधरा दिवस पानचट लागेल, मग सवय होते.

वाचनाचं. बसमध्ये जाडजूड कादंबरी उघडू नकोस, वेर्णा येईपर्यंत आठ पानं होतात, दुसऱ्या दिवशी मागचं आठवत नाही आणि आपल्याला वाचन जमत नाही असं वाटायला लागतं. कथा घे, ललित लेख घे, एका बसमध्ये एक संपेल असं. दिवाळी अंक त्यासाठी फार उत्तम, जुने असले तरी काय बिघडलं. आणि सुट्टीच्या दिवशी पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत जाऊन ये, 1832 सालची संस्था आहे ती, आता कृष्णदास शामांचं नाव आहे तिला, मराठीचा साठा मोठा आहे. एकदम चार पुस्तकं उचल, तीन आवडली नाहीत तर परत दे, लायब्ररीचं पुस्तक अर्धवट सोडलं तर पैसे वाया जात नाहीत हाच तर तिचा फायदा. जरा सवय लागली की धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' काढ. सांखवाळचा माणूस, म्हणजे तुझी बस जाते त्या बाजूचाच, 1876 चा जन्म, संस्कृत आणि बौद्ध धर्म शिकायचा म्हणून घर सोडून निघाला आणि पुढे पार हार्वर्डला पोचला. उपदेश करणारं पुस्तक नाही ते, सरळ सांगितलेली हकिगत आहे. बसमध्ये खाली बघून मळमळत असेल तर मात्र वाचू नकोस, कानात ऑडिओ बुक लाव, तेही वाचनच, कोणी काही म्हणो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. सकाळी चहासोबत दोन पेपर सविस्तर वाचतो. वाचता वाचता फरसाणाचा डबा कधी अर्धा होतो कळत नाही. पत्नीने डबा लपवला आहे. यावर उपाय सुचवावा. (साखळी)

उत्तर: सर, बाईंचं बरोबर आहे. लक्ष दुसरीकडे असलं की हात चालत राहतो आणि पोट भरल्याचं कळतच नाही, मग तो पेपर असो, टीव्ही असो की मोबाइल. डबा टेबलावर आणूच नका. छोट्या वाटीत घ्या, डबा बंद करून आत ठेवा, मगच चष्मा लावा. फरसाणाच्या जागी भाजलेले शेंगदाणे किंवा चुरमुरे चालतील, तेही वाटीतच. आणि पेपरवरून आठवलं, आपल्याकडे भजी अजूनही पेपरावर काढतात तेल टिपायला, ते तेवढं घरात बंद करा, छपाईची शाई तेलात उतरते, 2018 च्या पॅकेजिंगच्या नियमांत वर्तमानपत्रात खायचे पदार्थ बांधायला मनाईच आहे. दुसरा पेपर दुपारी वाचला तर चालेल का? सकाळची बैठकही कमी होईल आणि बातम्याही तशा त्याच असतात.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा. भाजी नको, नूडल्स हवेत, जेवताना टॅब हवा आणि पुस्तक दिलं की झोप येते. दुधात घालायची पौष्टिक पावडर देते तेवढंच समाधान. (मडगाव)

उत्तर: त्या समाधानाचं पाकीट त्याच्याकडूनच वाचून घ्या. खरंच सांगतेय. दुकानात त्याला म्हणा घटक मोठ्याने वाच, साखर कितवी येते ते शोध. मुलांना असलं शोधकाम भारी आवडतं, आणि साखर पहिल्या तीन-चारात सापडली की तोच घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटतो. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं होतं की अशी पेयं हेल्थ ड्रिंक म्हणून मांडू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंकची व्याख्याच नाहीये. त्याऐवजी नाचणीचं तिजण द्या, नारळाचं दूध आणि थोडा गूळ घालून. नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ गहू जवळपासही फिरकत नाहीत. गूळ मात्र हात राखून, तीही साखरच.

नूडल्स एकदम बंद केलेत तर महाभारत होईल, तेव्हा आठवड्यातून एकदा, आणि त्यात गाजर, फरसबी, कोबी तो स्वतः निवडून टाकेल ते. टॅब जेवणाच्या टेबलावर नको, पण मग तुमचा फोनही नको, हे कठीण आहे मला माहितेय. पुस्तकाचं म्हणाल तर झोप येते तर येऊ दे ना, रात्री तुम्हीच वाचून दाखवा, नऊ वर्षांचा म्हणजे ऐकायला काही मोठा झाला नाही. मराठीत वाचा, कोंकणीत वाचा, चित्रकथा असली तरी चालेल.

प्रश्न: पावसात मासेमारी बंद, मग आमच्याकडे रोज सुकं. ब्लडप्रेशर आहे. काय करावं? (काणकोण)

उत्तर: 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात आणि सुक्याशिवाय घास उतरत नाही हे मान्य, किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर) मलाही सुटत नाही. पण मीठ सगळं मिळून दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, एवढंच सांगितलंय, आणि खारा बांगडा, पापड, लोणचं आणि पेजेत चिमूटभर असं सगळं एकाच जेवणात आलं की तो चमचा कधीच ओलांडलेला असतो. सुकी सुंगटं (कोलंबी) आधी पाण्यात भिजवा, पाणी ओता, परत धुवा, आणि त्या दिवशी डाळीत मीठ निम्मं. आठवड्यातून एकदाच ठेवा, ब्लडप्रेशरचे डॉक्टर त्याहून कमी म्हणाले तर त्यांचं ऐका. बाकीचे दिवस टाकळा खुडून आणा, कोवळा असतानाच, फणसाच्या बिया आणि खोबरं घालून केला की सुकं आठवत नाही, निदान त्या दिवशी तरी. ऑगस्टात ताजे तारले आले की ते तळू नका, हुमणच करा.

पुढच्या अंकासाठी लिहिताना वय लिहा, आणि डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलं असेल तर तेही, नाहीतर मी इथे अंधारात बाण मारत बसते.