परदेशातून होमब्रूइंगचं (घरी पेय आंबवण्याचं) साहित्य मागवायचं तर भाडंच मालाएवढं होतंय. बेळगावात राहून काय पर्याय आहे?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही बेळगावात राहता, तीस लिटरचा फर्मेंटर (पेय आंबवायचं भांडं), एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची नळी) आणि एक छोटा केग (पेय दाबाखाली साठवायची टाकी) इंग्लंड-अमेरिकेतून मागवायचा आहे, आणि बास्केटमध्ये सगळं टाकल्यावर भाड्याचा आकडा मालाच्या किमतीला भिडतोय. मी इथंच टिळकवाडीत राहतो, घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) आणि आल्याचं आंबवलेलं पेय करतो. ह्याच रस्त्यानं गेलोय आणि पैसे घालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट. तुम्ही काय करणार आहात ते लिहिलेलं नाही. बिअर किंवा वाइन करायची असेल तर कर्नाटक अबकारी कायदा १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरतं असो की पाव्हण्यांसाठी. त्या कामासाठी भांडी-उपकरणं बाळगणंही त्यात येतं. आपल्याकडं काही जण म्हणतात, सीमेपलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला एखादी खोली घेऊ, तिथं कोण विचारतंय. तिथं १९४९ चा महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा सीमा ओलांडून काही साधत नाही. बिनदारूच्या पेयांसाठी मात्र भांडी, नळ्या, मोजमापाची साधनं जवळपास तीच लागतात. खालचं सगळं त्या हिशोबानं वाचा.

आता भाडं. तुम्हाला वाटतंय कुरिअरवाले वजनाचे पैसे घेतात. खरं ते जागेचे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० नं भागायचं, जे येईल ते किलो. हे वजन आणि काट्यावरचं वजन, दोन्हीत जे जास्त त्याचं बिल. माझा प्लास्टिकचा कोनवाला फर्मेंटर आला तेव्हा बिलावर २४ किलो बघून मी भांडायला फोन उचलला होता. मग शिंप्याची टेप घेऊन जिन्याखाली बसलो. खोकं ४२ बाय ४२ बाय ६८. गुणाकार १,१९,९५२, भागिले ५०००, म्हणजे बरोबर २४. काट्यावर तेच खोकं साडेसहा किलो भरलं. साडेसतरा किलो हवेचं विमानभाडं मी भरलं होतं.

त्यात गेल्या काही वर्षांत एकावर एक गोष्टी चढल्या. २०२० मध्ये प्रवासी विमानं बंद पडली. हवाई मालाचा मोठा वाटा त्याच विमानांच्या पोटातून जातो, त्यामुळं जागाच आटली आणि दर उडाले. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, समुद्रमार्गही महागला. इंधन अधिभार टक्क्यानं लागतो, मूळ दर वाढला की तोही वाढतो. आणि रुपया: २०१४ मध्ये डॉलर साठच्या आसपास होता, जुलै २०२२ मध्ये पहिल्यांदा ऐंशीच्या वर गेला. शंभर डॉलरच्या मालाला तेवढ्यावरच दोन हजार रुपये जास्त.

कस्टम्सचा हिशोब समजून घ्या, कारण इथं लोक गप पैसे भरून मोकळे होतात. ड्युटी फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही. किंमत, भाडं आणि विमा ह्या बेरजेवर मूळ ड्युटी, तिच्यावर समाज कल्याण अधिभार, आणि ह्या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी). म्हणजे भाडं वाढलं की करही वाढतो. खरं, मूल्यांकनाच्या नियमांत एक सोय आहे: माल विमानानं आला असेल तर त्या बेरजेत धरायचं भाडं मालाच्या एफओबी किमतीच्या (म्हणजे भाडं-विमा सोडून असलेल्या किमतीच्या) २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. माल दहा हजारांचा आणि भाडं नऊ हजार असेल, तरी ड्युटीसाठी भाडं दोन हजारच. माझ्या कागदावर पूर्ण भाडं धरलं होतं, आणि ते मला कळलं तोवर पैसे भरून झाले होते. पार्सल सोडवायच्या आधी एजंटाकडून बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सला दिलेल्या आयातीच्या कागदाची) प्रत मागा आणि भाड्याची ओळ वाचा. मागायला संकोच करू नका, तुमचे पैसे आहेत.

ओळखीच्या माणसाला ‘गिफ्ट’ लिहून पाठवायला सांगू नका. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली. आणि नाव-पत्ता आधार कार्डावर जसा आहे तसाच द्या. आपल्या गावाचं कागदोपत्री नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलून बेळगावी झालं, पण परदेशी वेबसाइटच्या यादीत अजून जुनंच सापडतं. माझ्या पार्सलवर एक नाव, केवायसीच्या कागदावर दुसरं, एवढ्यावरून खोकं अकरा दिवस गोदामात पडून राहिलं आणि वर साठवणुकीचे पैसे लागले. दोन्ही नावं एकाच गावाची, हे फोनवर तीन वेगवेगळ्या लोकांना समजावत बसलो होतो. घरात मराठी, कागदावर कन्नड, पार्सलावर इंग्रजी अशा आपल्या गावात हे नवीन नाही, तरी मनस्ताप व्हायचा तो होतोच.

आता मूळ सल्ला. भांडं मागवूच नका. बारीक वस्तू मागवा, भांडं उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, करून घ्या.

ते खोकं फोडून मी फर्मेंटर तसाच गाडीवर बांधून उद्यमबागेत एका फॅब्रिकेटरकडं नेला होता, खालचा व्हॉल्व्ह गळत होता म्हणून. मिस्त्रींनी हातात घेऊन फिरवून बघितला, बोटानं वाजवला. “ह्यात तर निस्तं वारंच आलंय की ओ सर. हे असलं हितं स्टीलमध्ये करून देतो की, परदेशातनं कशाला मागवायचं?” दुसरी टाकी त्यांनीच केली, आणि ती जवळपास त्या कुरिअरच्या भाड्यातच झाली. ज्या गावात पंपांचं ओतकाम आणि हायड्रॉलिक्सचे सुटे भाग होतात, त्या गावात तीस लिटरची टाकी म्हणजे काय मोठं काम नाही. खरं काही गोष्टी आपणच सांगाव्या लागतात, कारण त्यांचं रोजचं काम खाण्यापिण्याच्या वस्तूंचं नाही.

पत्रा ३०४ ग्रेडचा, दीड एमएम. पेय जास्त आंबट असेल, कोंबुचासारखं, तर ३१६ परवडलं तर बघा. वेल्डिंग आर्गॉनचं, आणि आतल्या बाजूचा जोड घासून सपाट करायला लावा. त्या जोडाच्या खाचेत जंतू बसतात, मग कितीही धुवा, पुढची बॅच नासते. बोटाचं नख जोडावरून फिरवून बघा, अडकलं तर परत द्या. सगळ्यात महत्त्वाचं, लोखंडाच्या कामाला वापरलेला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडिंगची चकती स्टीलला लावू देऊ नका. लोखंडाचे कण पत्र्यात घुसतात आणि महिन्याभरात तांबडे ठिपके येतात. माझ्या टाकीच्या झाकणावर आले होते, मिस्त्रींनी पिकलिंग पेस्ट (स्टील साफ करायची आम्लाची पेस्ट) लावून काढून दिले. ड्रॉइंग कागदावर मापांसकट काढून न्या, तोंडी सांगू नका.

एवढंही नको असेल तर स्टीलचा चाळीस लिटरचा दुधाचा कॅन घ्या. झाकणाला एक भोक, त्यात रबरी बूच, झाला फर्मेंटर. अॅल्युमिनियमचा मात्र घेऊ नका, आंबट पेय त्याला खातं. व्हॉल्व्ह, क्लॅम्प, फेरूल (क्लॅम्प बसायची नळीच्या टोकाची कडी) ह्यासाठी डेअरीच्या फिटिंगची दुकानं गाठा. परदेशी फर्मेंटरला जो टीसी (ट्राय-क्लॅम्प) प्रकारचा क्लॅम्प असतो तोच आपल्या डेअरी आणि औषध कारखान्यांत चालतो.

हायड्रोमीटरही मागवू नका. माझा काचेचा होता, मधोमध दोन तुकडे होऊन आला. आपण साखरेच्या पट्ट्यात राहतो. कारखान्यांच्या प्रयोगशाळेला माल देणाऱ्या दुकानांत ब्रिक्सचा (साखरेचे टक्के दाखवणारा) हायड्रोमीटर मिळतो, तो बहुतेक २७.५ अंशांवर जुळवलेला असतो, म्हणजे आपल्या हवेला परदेशीपेक्षा जास्त योग्य. पाककृतीत विशिष्ट गुरुत्व १.०४० लिहिलं असेल तर ते ढोबळमानानं १० ब्रिक्स समजा.

अमेरिकेतून विजेवर चालणारं काहीही घेऊ नका. तिथं १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०, ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. कार्बन डायऑक्साइडचा अमेरिकन रेग्युलेटर तर आपल्या सिलिंडरच्या आट्यांना बसतच नाही. रेग्युलेटर इथलाच घ्या, पण गॅस वेल्डिंगवाल्याकडून भरू नका, फूड ग्रेड मागा. सोडा भरणाऱ्यांना विचारलं की पुरवठादाराचा पत्ता मिळतो.

मग परदेशातून काय? केगचे पोस्ट (नळ्या जोडायची तोंडं), प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, पेय वरच्या थरातून ओढणारी तरंगणारी नळी, सिलिकॉनचे गॅस्केट. सगळं मिळून अर्धा किलोच्या आत, पाकिटात मावतं. त्यातलंही बरंच आता भारतातले विक्रेते ठेवतात, आधी तिथं बघा. विक्रेत्याला लिहा की दुकानाचं खोकं काढून टाका, पाकिटात पाठवा. चार-पाच जण मिळून समुद्रमार्गे मागवायचा विचार आमच्यातही झाला होता. तिथं निदान एक घनमीटरचं भाडं आकारतात आणि न्हावा शेवाला उतरल्यावरचे खर्च वेगळेच, शिवाय वाटण्यासाठी मागवला की तो माल घरगुती वापराचा राहत नाही, आयईसी (आयातदार-निर्यातदाराचा) क्रमांक काढावा लागतो. आम्ही सोडून दिलं.

टाकी तयार झाली की सगळे पैसे लगेच देऊ नका. मिस्त्रींना सांगा काठोकाठ पाणी भरून, व्हॉल्व्ह बंद करून, खाली जुना पेपर अंथरून रात्रभर ठेवायला. सकाळी स्वतः जाऊन पेपर हातानं चाचपा. कोरडा असेल तर राहिलेले पैसे देऊन टाकी उचला.