खात्यापित्या घरचं पोर

प्रश्न : डॉक्टर, 4 वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून न्यू जर्सीत एडिसनला आलो. हे तिकडे कॉलेजात शिकवायचे, मी एम.एस्सी. इथे यांना गोदामात रात्रपाळी, मी दुकानात काउंटरवर. मुलगा 12 वर्षांचा, उंची 150 सेंमी, वजन 58 किलो. शाळेतून वजनाबद्दल चिठ्ठी आली. सासूबाई फोनवर म्हणतात, "खात्यापित्या घरचं पोर आहे, दृष्ट लावू नका." आम्ही दोघं शिकलेले असून हे कसं झालं?

उत्तर : ताई, आधी स्वतःला दोष देणं थांबवा. अमेरिकेत 2011 ते 2014 च्या पाहणीत कुटुंबप्रमुख पदवीधर असलेल्या घरांत 9.6 टक्के मुलं स्थूल होती. शिक्षण बारावीपर्यंत किंवा त्याहून कमी असलेल्या घरांत 21.6 टक्के. शिक्षणाचा फायदा होतो, पण शिक्षणासोबत सहसा बरी नोकरी येते, ठरलेल्या वेळा येतात, संध्याकाळी घरात कुणीतरी मोठं माणूस असतं. तुमच्या पदव्या तिकडे पोचल्या, बाकीचं पोचलं नाही.

मी 11 वर्षं तिथे मुलं तपासली. अशी घरं खूप पाहिली. पोर 3 वाजता शाळेतून येतं. बाबा झोपलेले, म्हणून दार हळू लावायचं, बाहेर जायचं नाही, आवाज करायचा नाही. मग मोबाइल, मांडीवर चिप्सचं पाकीट, शेजारी कोल्ड्रिंक. आई 8 ला दमून येते आणि दिवसभर पोराकडे बघता आलं नाही म्हणून तुपाचा हात सैल सोडते. मला त्या आईचा राग कधीच आला नाही.

सासूबाईंचंही चुकत नाही. त्यांच्या काळात अंगानं भरलेलं मूल म्हणजे घरात धान्य आहे, याची खूण होती. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय, की आपली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, तरी आपल्या बाळांत कमी पडतात ते स्नायू, चरबी फारशी कमी नसते. म्हणून आपल्याकडे मधुमेह लवकर गाठतो. हे त्यांना फोनवर शांतपणे सांगा.

मुलाला डाएटवर ठेवू नका, "जाड्या" तर कुणी म्हणूच नये. 3 ते 6 ही वेळ सोडवा. शाळा सुटल्यावर तिथेच काही खेळ चालतात का, ते विचारा. उसळ किंवा थालीपीठ डब्यात काढून फ्रिजमध्ये त्याच्या हाताला लागेल असं ठेवा. कोल्ड्रिंक घरात आणूच नका, तुमच्यासाठीसुद्धा. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी बापलेकांनी चालत वाणसामान आणावं. आणि डॉक्टरांकडून एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा, तपासून घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर तेही त्यांना सांगा. आकडा आला की मला लिहा.